बाण्याचा काटा आणि इंडिकेटरची लुकलुक

मोटारसायकलचे मूळचे बल्ब काढून त्या जागी एलईडी इंडिकेटर बसवले की बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर इंडिकेटर जवळपास दुप्पट घाईने लुकलुकू लागतो, नाही तर लुकलुकणे सोडून नुसताच पेटून राहतो. गाडीवाला दुकानात येतो तेव्हा निदान त्याने आधीच करून ठेवलेले असते: रिले गेला, किंवा एलईडी हलकी निघाली. भिवंडीत वंजारपट्टी नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ही तक्रार नवी नाही, आणि तिच्यावरचे इलाजही सर्वांना पाठ आहेत. मला मांडायचे आहे ते असे की बहुतेक वेळा रिलेही धडधाकट असतो आणि एलईडीही. रिलेच्या पूर्वजांना जे काम दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास नेमून दिले गेले तेच तो इमानेइतबारे करत असतो. बल्ब गेल्याची तो वर्दी देत असतो. ही वर्दी कशी जन्माला आली आणि ती मुद्दाम का टिकवली गेली हे कळल्याशिवाय केलेला इलाज निम्माच ठरतो. कधी कधी तर तो वर्दी देणाऱ्याचे तोंडच बंद करतो.

अशी वर्दी देणारी यंत्रे भिवंडीला अनोळखी नाहीत. १८५७ नंतरच्या दशकांत मऊ, आझमगढ, बनारस या भागांतून निघालेली मोमीन विणकरांची कुटुंबे मालेगावप्रमाणे भिवंडीतही स्थिरावली. १९३० च्या दशकात हातमागांच्या जोडीला वीजमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि पुढे चालवायचे, ही या गावाच्या धंद्याची रीतच पडली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापडाचे काम आणखी मोठ्या प्रमाणावर इकडे सरकले. हे माग साधे, धोट्याचे. पण साध्या मागातही बाण्याच्या, म्हणजे आडव्या, धाग्यावर लक्ष ठेवणारा एक छोटा काटा असतो, आणि त्याची युक्ती १८४० च्या दशकात लँकेशायरमध्ये पक्की झाली होती. धोटा एका बाजूकडून दुसरीकडे गेला, फणी कापडाकडे आली, की काट्याची बोटे आडव्या धाग्याला टेकतात आणि त्या एवढ्याशा दाबाने काट्याचे शेपूट वर उचलले जाते. कांडी संपली किंवा धागा तुटला तर बोटांना अडवायला काहीच नसते. ती जाळीतून आरपार जातात, शेपूट हलत्या हुकात अडकते, माग चालू ठेवणारा दांडा खाचेतून बाहेर ढकलला जातो आणि माग थांबतो. एका कामगाराने चार-सहा माग सांभाळायचे ते या काट्याच्या भरवशावर. माग थांबला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, मागाला दोष देत नाही, धागा बघतो. इंडिकेटरच्या बाबतीतही नेमकी हीच रीत हवी होती. ती का सुटली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

रस्त्यावरची खूण हातापासून सुरू झाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने चालकावर वळण्याआधी खूण करण्याचे बंधन घातले तेव्हा खूण म्हणजे प्रामुख्याने उजवा हात. उजवीकडे वळायचे तर हात बाहेर आडवा, तळवा पुढच्या दिशेने. या हातखुणा १९८९ च्या रस्त्यावरील वाहतुकीच्या नियमावलीतही कायम राहिल्या. हाताच्या खुणेत एक सोय होती जिचा सहसा विचार होत नाही: खूण दिली गेली की नाही हे देणाऱ्याला आपोआप कळत असे. यंत्राने खूण द्यायला सुरुवात केली आणि ही खात्री गेली. मॉरिस मायनर, जी हिंदुस्थान मोटर्सने आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून विकली, तिच्यासारख्या गाड्यांना दाराच्या खांबातून बाहेर येणारा छोटा उजळ हात असे. तो अडकून बसला तर चालकाने मान वळवून पाहिल्याशिवाय पत्ता लागत नसे. १९३९ साली अमेरिकेत ब्युइकने विजेचे लुकलुकणारे इंडिकेटर आणले, आणि युद्धानंतर हा प्रकार सर्वत्र पसरला. आता तर मागचा दिवा चालकाच्या नजरेच्या पूर्ण बाहेर गेला. मागचा बल्ब गेलेला, चालक निर्धास्त, आणि मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही, हा नवा धोका त्या सोयीबरोबरच आला. त्यावरचा तोडगा वेगळा शोधावा लागला नाही. तो लुकलुक घडवणाऱ्या डबीतच होता.

ती डबी म्हणजे जुना थर्मल फ्लॅशर, आजच्या रिलेचा पूर्वज. ॲल्युमिनियमच्या टोपणाखाली दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी, तिच्यावर गुंडाळलेली तापणारी तार आणि एक संपर्कबिंदू, एवढाच त्याचा संसार. इंडिकेटरचा सगळा प्रवाह या डबीतून जातो. प्रवाहाने पट्टी तापते, दोन धातू कमीजास्त प्रसरण पावल्याने ती वाकते, संपर्क तुटतो, दिवा विझतो. पट्टी निवली की पुन्हा सरळ होते आणि दिवा लागतो. ‘टिक-टिक’ आवाज तिचाच. म्हणजे लुकलुकीचा वेग घड्याळाने ठरत नाही, दिव्यांनी ओढलेल्या प्रवाहाने ठरतो. १२ व्होल्टच्या गाडीवर १० वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे १.६७ अँपिअर प्रवाह ओढतात. त्यातला एक गेला की प्रवाह निम्मा होतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चौथ्या हिश्श्यावर येते. पट्टी वाकण्याइतकी तापतच नाही. लुकलुक मंदावते किंवा दिवा नुसता पेटून राहतो. हँडलवरचा पायलट दिवाही तसाच वागतो आणि चालकाला समोरच कळते की मागे काहीतरी बिनसले आहे.

इथे पहिला आक्षेप रास्त आहे. हा तर पट्टीच्या स्वभावाचा योगायोग झाला; त्यात कोणाचा हेतू शोधणे म्हणजे उगाच अर्थ लावणे. सुरुवातीपुरते ते खरेही असेल. पण पुढचा इतिहास योगायोगाच्या बाजूने साक्ष देत नाही. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांसाठी, जिथे दिव्यांची संख्या कमीजास्त होते, तिथे भार बदलला तरी वेग न बदलणारे हेवी ड्यूटी फ्लॅशर पूर्वीच निघाले होते. ते सगळ्या गाड्यांना लावता आले असते. लावले नाहीत, कारण त्यांत बल्ब गेल्याचे कळत नाही. पुढे ट्रान्झिस्टर आणि मग चिपवर चालणारे फ्लॅशर आले. आता वेग कपॅसिटर आणि रेझिस्टर ठरवू लागले, भाराशी त्याचा काही संबंध उरला नाही. म्हणजे योगायोग असता तर तो इथेच संपायला हवा होता. झाले उलटे. बनवणाऱ्यांनी फ्लॅशरमध्ये मुद्दाम अगदी लहान रोधाचा एक तुकडा घातला, त्यावरून जाणारा प्रवाह मोजायची सोय केली, आणि प्रवाह ठरलेल्या पातळीखाली गेला की वेग सुमारे दुप्पट करायचा असे चिपला शिकवले. पट्टीची वर्दी मंद होती, चिपची वर्दी घाईची झाली, पण वर्दी टिकवली गेली. नियमांची भाषाही तीच आहे. मोटारसायकलींच्या दिव्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ५३ क्रमांकाच्या नियमात म्हटले आहे की इंडिकेटरमध्ये बिघाड झाला तर चालकापुढचा पायलट विझावा, न लुकलुकता पेटून राहावा, किंवा त्याच्या वेगात ठळक फरक पडावा. आज एलईडी बसवल्यावर ज्यांना आपण ‘फॉल्ट’ म्हणतो ती दोन्ही लक्षणे या यादीत आधीपासूनच लिहिलेली आहेत.

भारतात मोटारसायकलवर हा सगळा प्रकार उशिरा आणि तुटक आला. ६ व्होल्टच्या जुन्या गाड्यांवर बॅटरी अशक्त, डायनॅमो मंद वेगात कमी पडणारा, आणि लोकांचा भरवसा हातावरच जास्त. १९८४ ते ८६ या काळात इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज या १०० सीसी गाड्या एकामागून एक आल्या आणि चार इंडिकेटर, एक फ्लॅशर, एक पायलट हा साचा खेड्यापाड्यांपर्यंत पोचला. ऑटो इलेक्ट्रिशियन हा स्वतंत्र कारागीर म्हणून तालुक्याच्या गावी दिसू लागला तो या गाड्यांच्या वाढत्या संख्येबरोबर. त्याचे हत्यार म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि दोन वायरी, ज्याला तो टेस्ट लॅम्प म्हणतो. त्याची विद्या म्हणजे लक्षणावरून दोष ओळखणे. डावीकडे वेग बरोबर आणि उजवीकडे वेगळा, तर रिलेकडे बघायचेच नाही, उजवीकडचे बल्ब आणि बॉडी अर्थ तपासायचे. दोन्हीकडे चुकीचा, तर बॅटरी आणि रिले. सगळे निदान वेगावर उभे होते. भारतीय रस्त्याने त्यात बझरची भर घातली. ‘पीं-पीं’ करणारा किंवा गाण्याची धून वाजवणारा बझर अनेकांना कर्कश वाटतो, पण भर दुपारच्या उन्हात पायलट दिसत नाही तेव्हा वेग कानाने ऐकू येतो ही त्याची मोठी सोय आहे. तो ५३ क्रमांकाचा नियमही पायलटऐवजी आवाज चालेल असे मानतो.

वेगाची मर्यादाही कायद्यात आली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०२ वा नियम सांगतो की इंडिकेटर पिवळसर नारिंगी रंगाचा असावा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा. त्याच धर्तीचे तपशीलवार निकष दुचाकींसाठी एआयएस ००९ मध्ये आहेत, आणि ती मानके पुण्याच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेमार्फत निघतात. मिनिटाला साधारण ८५-९० हा नेहमीचा वेग धरला तर दुप्पट झालेला वेग १७०-१८० होतो, म्हणजे कायद्याच्या बाहेर. हेतू तोच होता: इतका फरक पडावा की चालकाने दुर्लक्ष करू नये आणि बल्ब बदलेपर्यंत अस्वस्थ राहावे.

मग एलईडी आली. नारिंगी एलईडीला निळ्या एलईडीची वाट पाहावी लागली नव्हती. ॲल्युमिनियम, इंडियम, गॅलियम आणि फॉस्फरस यांच्या मिश्रणातून १९९० च्या सुमारास तेजस्वी नारिंगी प्रकाश मिळू लागला होता. आपल्याकडे २००६ च्या पल्सरवर मागचा दिवा एलईडीचा आणि वळण संपल्यावर आपोआप बंद होणारे इंडिकेटर आले, आणि एलईडी म्हणजे नवेपणा हे समीकरण तरुणांच्या मनात बसले. पाठोपाठ बाजारात बाणाच्या आकाराचे, पट्टीचे, धावत्या प्रकाशाचे स्वस्त इंडिकेटर आले. गुण त्यांच्यात खरे आहेत. तंतूचा बल्ब पूर्ण तेजाला यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, एलईडी तत्क्षणी पेटते. खड्ड्यांच्या रस्त्यावर तंतू तुटतो, एलईडीत तंतूच नाही. पण १० वॅटच्या जागी ती एक-दोन वॅट घेते. फ्लॅशरला प्रकाश दिसत नाही, फक्त प्रवाह कळतो. दोन्ही बाजूंना लखलखीत नवे दिवे असताना त्याच्या हिशेबी दोन्ही बाजूंचे बल्ब गेलेले असतात. चिपचा असेल तर तो धावत सुटतो, पट्टीचा असेल तर गप्प उभा राहतो. बाणा नसताना माग थांबावा यासाठी बसवलेल्या काट्याने अतितलम धाग्यालाही ‘धागा नाही’ म्हणावे, असे हे झाले आहे. काट्याची चूक नाही, धाग्याचीही नाही. काट्याची नाजूकता बदलायला हवी.

बाजाराने दोन इलाज दिले, आणि माझा खरा मतभेद पहिल्याशी आहे. तो म्हणजे रेझिस्टर. एलईडीला समांतर रेझिस्टर जोडायचा, म्हणजे कमी पडलेला प्रवाह तो ओढेल आणि फ्लॅशर समाधानी होईल. ९ वॅटची तूट १२ व्होल्टवर भरून काढायला १६ ओम पुरतात, पण बाजारात सहज मिळणारा रेझिस्टर १० ओमच्या आसपासचा असतो. गाडी चालू असताना १३.५ व्होल्टवर तो पेटत्या क्षणाला १८ वॅट उष्णता टाकतो, आणि इंडिकेटर विसरून चालू राहिला तर हात लावता येणार नाही इतका तापतो. प्लास्टिकच्या कव्हरला किंवा वायरिंग किटला टेकवून टेपने गुंडाळलेला असेल तर पुढचे सांगायला नको. पण उष्णता हा त्याचा लहान दोष. मोठा दोष असा की तो खोटी साक्ष देतो. उद्या एलईडी मेली, तरी रेझिस्टर प्रवाह ओढतच राहील, फ्लॅशर निवांतपणे ठरलेल्या वेगाने लुकलुकवेल, आणि मागे अंधार असताना चालकाला सर्व ठीक असल्याचा निरोप मिळेल. रेझिस्टरवाले म्हणतात की मूळ फ्लॅशर, मूळ वेग, मूळ वायरिंग राखणारा हा सर्वांत प्रामाणिक इलाज आहे. बाहेरून तसे दिसते खरे, पण फ्लॅशर जी गोष्ट पाहण्यासाठी होता तीच त्याच्यापासून लपवली गेलेली असते.

दुसरा इलाज म्हणजे भाराशी संबंध नसलेला एलईडी रिले. तो वर्दी देत नाही, पण खोटेही बोलत नाही, वीज वाया घालवत नाही, तापत नाही. बसवणेही सोपे, फक्त दोन बाबी सांभाळाव्या लागतात. जुना पट्टीचा फ्लॅशर दोन पिनांचा आणि उलटसुलट कसाही चालणारा. इलेक्ट्रॉनिक रिलेला बॅटरीची बाजू आणि दिव्यांची बाजू नेमकी लागते, आणि तीन पिनांचा असेल तर अर्थची तिसरी वायर वेगळी ओढावी लागते. ज्या गाड्यांना दोन्ही बाजूंसाठी एकच पायलट आहे तिथे आणखी एक जुना हिशेब वर येतो. वायर वाचवण्यासाठी त्या पायलटची दोन टोके डाव्या आणि उजव्या सर्किटला जोडलेली असतात. डावा लावला की प्रवाह पायलटमधून उजव्या बल्बांमार्गे अर्थला जातो. तो इतका थोडा असतो की १० वॅटचा बल्ब पेटत नाही, पण एलईडीला तो भरपूर. मग चारही दिवे एकदम लुकलुकतात आणि लोक पुन्हा रिलेला दोष देतात. पायलटच्या दोन्ही वायरी एकेका डायोडमधून एका टोकाला आणायच्या आणि दुसरे टोक अर्थला द्यायचे, की प्रश्न मिटतो. दोन डायोडांची किंमत चहापेक्षाही कमी.

यावर व्यवहारी माणूस विचारील की एलईडी उडत नाही, मग तिच्यावर पहारा कशाला? चांगल्या एलईडीपुरते हे मान्य करायला हवे. पण इंडिकेटर बहुतेक वेळा दिव्यामुळे मरत नाही. वायर मडगार्डला घासते, कपलरमध्ये पावसाचे पाणी शिरून हिरवा गंज धरतो, अर्थचा स्क्रू सैल होतो. भिवंडीसारख्या गावात, जिथे पावसाळा चार महिने आणि हवेत मागांची रुई बारमाही, सांध्यांची परीक्षा जास्तच. एलईडी शंभर वर्षे टिकली तरी सांधा टिकेलच असे नाही, आणि जुना फ्लॅशर सांधाही पाहत होता. आणखी एक आक्षेप, की वेग थोडा इकडेतिकडे झाल्याने काय बिघडते, तो या गावाने तरी करू नये. मुंबईची जकात चुकवण्यासाठी माल शहराबाहेर ठेवण्याच्या सोयीतून मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर जकात गेली तरी गोदामे वाढतच राहिली. जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि तिथून गोदामांकडे वळणाऱ्या गल्ल्यांत लांबलचक कंटेनर आणि दुचाकी रोज एकमेकांना खेटून चालतात. उंच केबिनमधल्या चालकाला शेजारची मोटारसायकल कशीबशी दिसते, तीही बहुधा तिच्या नारिंगी ठिणगीमुळेच. ती ठिणगी आहे की नाही हे दुचाकीवाल्याला स्वतःला कळणे, ही चैन नव्हे.

तिसरा इलाज आहे, पण तो अजून दुकानांच्या फळीवर कमी दिसतो. कारखान्यातूनच एलईडी इंडिकेटर घेऊन येणाऱ्या गाड्यांसाठी एलईडीचा अल्प प्रवाह मोजणारे फ्लॅशर आणि कंट्रोल युनिट बनवता येतात, कारण तिथे दिवा किती प्रवाह घेणार हे आधीच ठाऊक असते. बाजारातल्या एलईडीत एक अर्धा वॅट घेते, दुसरी तीन, म्हणून सर्वांना चालणारा असा रिले बनवणे अवघड आहे. तोवर रेझिस्टर टाळून रिले बदलणे हाच बरा मार्ग, आणि त्याबरोबर जुन्या कारागिराची एक तपासणी पुन्हा चालू करावी. काम झाल्यावर मिनिटभर वेग मोजायचा, ६० ते १२० मध्ये आहे ना ते बघायचे. मग मागच्या एका एलईडीचा कपलर काढून इंडिकेटर लावायचा. पायलटच्या वागण्यात काही फरक पडला नाही, तर या गाडीला आता वर्दी नाही, मागचे दिवे अधूनमधून उतरून बघत जा, असे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगूनच किल्ली हातात द्यायची.